मशीन किती चाललं आणि किती वेळा धुतलं

मे महिन्याच्या मध्यापासून आमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायला सुरुवात होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे जाळी घरी जातात, मशीन उतरवून माळ्यावर किंवा पडवीत जातं, आणि होडी माडांखाली झापांनी शाकारली जाते. ती शाकारण्याआधीचे आठ-दहा दिवस तिचा अख्खा तळ उघडा असतो. वापरलेली होडी बघायची तर हेच दिवस. मला हे आधी माहीत नव्हतं. मी मार्चमध्येच बघायला निघालो होतो, आणि त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

मी मालवण तालुक्यातला. पुण्यात बारा वर्षं एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलं, मग गावी परत आलो. मावसभाऊ आधीपासून दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचा. दोघांनी मिळून स्वतःची होडी घ्यायची ठरवली: बावीस-चोवीस फुटी फायबरची, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन, बांगड्याची आणि सुरमईची जाळी टाकायला. नवीन होडी आणि नवीन मशीन आमच्या आवाक्यात नव्हतं. जमवलेले पैसे तीन लाख, वर थोडे बहिणीकडून.

वर्कशॉपमधून आलेला माणूस, त्यामुळे माझं सगळं लक्ष तासांवर होतं. कंप्रेसर असो की जनरेटर, आम्ही आधी तासांचं मीटर बघायचो. होडीचंही तसंच असणार असं धरून मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचो, मशीन किती तास चाललंय? उत्तरं मिळायची "दोनशे", "तीनशे", "जास्त नाही चाललेलं". जुन्या टू-स्ट्रोक मशीनना मीटर नसतं, तेव्हा हे आकडे नुसते तोंडचे.

आमच्या वाडीत एक जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. मी त्यांना म्हटलं, "आबानू, माझ्याबरोबर होडी बघूक येतलात?" ते म्हणाले, "येतलंय. पण होडी पाण्यात बघू नको. पाण्यात सगळ्याच होडयो बऱ्यो दिसतत." मग थोडं थांबून, "मशीन किती तास चालला ता सगळे सांगतत. धुतला किती वेळा, ता कोण सांगणा नाय."

तरी पहिली होडी मी आबांना न घेता बघितली, कारण ती लांब होती. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, तापोळ्याच्या बाजूला. ओळखीतून फोटो आले होते. पांढरीशुभ्र होडी, फोर-स्ट्रोक मशीन, मीटरवर फक्त १९० तास, पाच वर्षं जुनी. आणि मुख्य म्हणजे गोडं पाणी. जन्मात मीठ लागलेलं नाही. मला वाटलं, याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार? मी आणि मावसभाऊ रात्री निघालो, सकाळी पोचलो.

मशीन खरोखर सुंदर होतं. कव्हर काढलं तर आतले बोल्ट चकचकीत, अॅल्युमिनियमवर पांढरी पूड नाही, कुठे मिठाचा थर नाही. पण ते सुरूच होईना. विकणारा म्हणाला, दीड वर्ष उभं आहे, बॅटरी उतरली असेल. दुसरी बॅटरी लावली. मशीन फिरलं, पण पेटेना. पेट्रोलची नळी सोडून मी थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. वर पिवळट पेट्रोल, खाली पाण्याचा वेगळा थर, आणि जुन्या वार्निशसारखा वास. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी ठेवून मशीन महिनोन् महिने उभं राहिलं की ते पाणी तळाशी बसतं, पेट्रोल चिकट होतं आणि बारीक छिद्रं बुजतात. पाणी खेचणारा रबरी पंखा, ज्याला सगळे इम्पेलर म्हणतात, तोही एकाच जागी दुमडून बसला की ताठरतो. १९० तास हा आकडा खरा होता, पण मशीन न चालवण्याची किंमतही त्यातच होती.

तरी मशीन दुरुस्त झालं असतं. होडीचं दुखणं वेगळं होतं. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि ती लाल मातीच्या उतारावर कलली होती, म्हणून तळ दिसला. लांबून गुळगुळीत. जवळ जाऊन हात फिरवला तर पुरळ उठल्यासारखं लागलं. वाटाण्याएवढे, काही चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढे फोड, पाण्याच्या रेषेखाली सगळीकडे. वर एकही नाही. मी फोटो काढून आबांना पाठवले. त्यांचा लगेच फोन: "एक फोड. डोळे लांब ठेव. आणि पाणी येयत त्याचो वास घे." मालकाला विचारून मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक फोड दाबला. आतून चिकट थेंब उडाला. वास आंबट, व्हिनेगरसारखा.

याचं कारण मला नंतर कळलं, आणि आमच्याकडच्या पुष्कळ लोकांचा यावर विश्वास बसत नाही म्हणून ते सविस्तर लिहितो. फायबरची होडी म्हणजे काचेच्या तंतूंचे थर आणि रेझिन, वरून जेलकोटचा गुळगुळीत थर. जेलकोट पूर्ण पाणीबंद नसतो. होडी महिनोन् महिने पाण्यात राहिली की पाणी झिरपत आत जातं, रेझिनमधले विरघळणारे घटक सुटतात, आत घट्ट द्रावण तयार होतं, आणि ते बाहेरचं पाणी आणखी ओढतं. मनुका साध्या पाण्यात टाकली तर टम्म फुगते, मिठाच्या पाण्यात तेवढी फुगत नाही, तसंच हे. म्हणजे फोडांच्या बाबतीत गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट. मशीनला मीठ खातं, फायबरला सतत पाण्यात राहणं खातं. ही होडी पाच वर्षं, बाराही महिने पाण्यात तरंगत ठेवलेली होती. मालकाने ते लपवलं नाही. त्याला त्यात काही वाईट आहे असं वाटतच नव्हतं, आणि तोवर मलाही वाटलं नसतं.

आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. मावसभाऊ वाटेत फारसं बोलला नाही. माझ्या मनात मात्र प्रश्न बदलला होता. किती तास चाललं, एवढ्याने भागणार नव्हतं. होडी किती तास पाण्यात होती आणि किती तास कोरडी, मशीन कुठल्या पाण्यात चाललं आणि वर आल्यावर त्याचं काय केलं, हे तिन्ही विचारायला हवं होतं.

दुसरी होडी कर्ली नदीच्या खाडीत नांगरलेली होती. या वेळी आबा बरोबर होते. विकणाऱ्याने आम्हाला दहाची वेळ दिली होती, आम्ही मुद्दाम साडेआठला गेलो. आबांनी काही न बोलता मशीनच्या कव्हरवर तळहात ठेवला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. गरम. म्हणजे आम्ही येण्याआधीच मशीन चालवून तापवलेलं होतं. तापलेलं मशीन सुरू करायची दोरी एकदा ओढली की सुरू होतं. थंड मशीन खरं काय ते सांगतं.

मशीनला ताजा काळा रंग मारलेला. मशीनचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, त्याच्या बाजूला झिंकचा तुकडा असतो, तो मशीनचं अॅल्युमिनियम वाचावं म्हणून स्वतः झिजतो. त्यावरही रंग फासला होता. रंग लागलेलं झिंक काम करत नाही. झिंक अर्धं झिजलेलं दिसलं असतं तर मला आनंद झाला असता, कारण मग ते आपलं काम करत होतं असं कळलं असतं. मालक म्हणाला, तीनशे तास. पण हँडलची रबरी मूठ गुळगुळीत होऊन चकाकत होती, थ्रॉटल फिरवला की सैल लागत होता, आणि पायाच्या टोकाचा पंख रेतीला घासून दोन बोटं कमी झाला होता. मी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल केला. दुधाच्या चहासारखं तेल आलं. सील गेलेलं, आत पाणी शिरलेलं. त्यापुढे काही बघायचं राहिलं नाही. मशीन वर उचलून ठेवायची सवय नसावी, कारण पायावर शिंपल्यांचे पांढरे गोल डाग रंगाखालूनही दिसत होते. खाडीत पाय बुडवून ठेवलेलं मशीन उभं असतानाही झिजतं, आणि ते तास कुठल्याच मीटरवर येत नाहीत.

मधे आणखी दोन होड्या बघितल्या. एकीची मागची फळी हलत होती, दुसरीची कागदपत्रं तिसऱ्याच्याच नावावर होती. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

मग आचऱ्याच्या बाजूची होडी. चोवीस फुटी, फिकट निळी, सात वर्षं जुनी. टू-स्ट्रोक मशीन, दोन सिलिंडर. मालक साठीचे, मुलगा गोव्यात नोकरीला, गुडघे दुखतात म्हणून विकत होते. या होडीला खाडी माहीतच नव्हती. रोज पहाटे ओंडक्यांवरून पाण्यात ढकलायची, दुपारपर्यंत परत किनाऱ्यावर ओढायची. म्हणजे दिवसातले सहा-सात तास पाण्यात, बाकी वेळ वाळूवर कोरडी. पावसाळ्यात चार महिने झापाखाली.

मी तास विचारले. मालक म्हणाले, "माका तास म्हायत नाय." आणि आत जाऊन त्यांनी एक वही आणली, शाळेची, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात दर हंगामाचा खर्च लिहिला होता: पेट्रोल, ऑइल, बर्फ, खलाशांचे वाटे. मी ऑइलचा रकाना बघितला आणि डोक्यात हिशोब सुरू झाला. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, पन्नासाला एक. त्यांनी एका हंगामात साठ लिटर ऑइल घेतलं होतं. म्हणजे तीन हजार लिटर पेट्रोल. निम्म्या थ्रॉटलवर, जाळ्याच्या कामात, तासाला नऊ-एक लिटर धरलं तर सुमारे ३३० तास. मशीन तीन हंगामांपूर्वी नवीन बसवलेलं, त्याचं बिलही वहीत टाचलेलं होतं, मशीन नंबर जुळत होता. तीन हंगामांचं मिळून हजाराच्या आसपास. नीट ठेवलेलं मशीन दीड हजार तास मोठ्या कामाशिवाय जातं असं आमच्याकडचे मेस्त्री म्हणतात. म्हणजे दोन तृतीयांश आयुष्य संपलेलं. पण हा आकडा मला स्वतःला मोजता आला होता, आणि कोयनेच्या १९० पेक्षा मी त्याच्यावर जास्त भरवसा ठेवला.

धुण्याचं विचारलं तर त्यांनी उत्तर न देता विहिरीकडे बोट दाखवलं. तिथे दोन बांबूंवर आडवी फळी मारलेली होती, मशीन लटकवायला, आणि खाली पत्र्याचं अर्धं कापलेलं पिंप. रोज नाही, पण एक दिवसाआड मशीन त्या पिंपात गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवायचे. पिंपाच्या कडेला तेलाचे थरावर थर बसले होते. असे थर विक्रीच्या आदल्या दिवशी तयार करता येत नाहीत. आउटबोर्ड मशीन थंड राहायला बाहेरचंच पाणी खेचतं. समुद्रातून आल्यावर ते पाणी आतच सुकलं तर मीठ उरतं, थर्मोस्टॅट आणि बारीक वाटा बुजतात, मशीन तापतं आणि आतून कुरतडलं जातं. एक पिंप गोडं पाणी त्याला पुरतं, आणि तरी किती मशीनं त्याच्यावाचून मरतात हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

होडीचा तळ उलटा करून बघितला. फोड नव्हते. पण मधला कणा वाळूवर ओढून ओढून झिजला होता, मागच्या तीन फुटांत जेलकोट पार गेला होता आणि काचेचे तंतू केसांसारखे उघडे पडले होते. मावसभाऊ नाराज झाला. आबा खाली बसले, बोटाने ते तंतू चाचपले आणि म्हणाले, "हिचा दुखणा डोळ्यांका दिसता. दिसता ता बरा करूक येता."

तरी तपासणी सोडली नाही. आबांनी एक रुपयाचं नाणं घेऊन तळ वीतभर अंतराने वाजवत नेला. जवळजवळ सगळीकडे ठण ठण, कण्याच्या झिजलेल्या भागाजवळ हाताच्या पंजाएवढ्या जागेत भद्द. तिथे खडूने गोल केला. मी घरून जाड पारदर्शक प्लास्टिक नेलं होतं. त्याचे वीतभर चौकोन कापून तळावर चार ठिकाणी चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवले आणि उन्हात सोडले. फायबरमध्ये पाणी मुरलेलं असेल तर ऊन लागल्यावर ते प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरतं. दोन तासांनी तीन चौकोन कोरडे, खडूच्या गोलाजवळच्या चौथ्यात बारीक थेंब. नाणं आणि प्लास्टिक दोघांनी एकच जागा दाखवली. मग मशीन ज्या फळीवर लटकतं तिची पाळी. मशीन वर उचललेलं असताना मी मशीनच्या पायावर सगळा भार टाकून खाली-वर केलं आणि आबा फळीकडे बघत राहिले. हलली नाही. मालकाने परवानगी दिल्यावर एक बोल्ट काढला आणि भोकात तार घालून फिरवली. आतल्या प्लायवूडचा भुसा कोरडा आला. ओला, काळा भुसा आला असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे थंड मशीनवर पाण्यात गेलो. आधी सांगून ठेवलं होतं, कोणी मशीनला हात लावायचा नाही. तिसऱ्या दोरीला सुरू झालं, निळा धूर आला, मिनिटभरात कमी झाला. बाजूने पाण्याची धार पडत होती, सरळ, पेन्सिलएवढी जाड. चार माणसं आणि रेतीच्या सहा गोणी घेऊन पाऊण तास फिरलो. परत आल्यावर स्पार्क प्लग काढले: दोन्ही भाजलेल्या खोबऱ्याच्या रंगाचे. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं, एकात ११०, दुसऱ्यात १०५. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको असतो, इथे पाचाच्या आतच होता. गिअर ऑइल काळपट हिरवं, पाण्याचा अंश नाही.

एक गोष्ट मात्र मी नंतर विचारली, आधी विचारायला हवी होती. होडी वर ढकलायला माणसं किती लागतात? मालक म्हणाले, पूर्वी सहा, आता सात. आबांनी माझ्याकडे बघितलं. फायबर पाणी प्यायलं की होडी जड होते, आणि ते पहिल्यांदा ढकलणाऱ्यांच्या खांद्यांना कळतं. एक माणूस वाढला म्हणजे काही पाणी आत आहेच, बहुतेक त्या भद्द वाजणाऱ्या जागेत आणि होडी तरंगती राहावी म्हणून मागे भरलेल्या फोममध्ये. हे त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

मागितले तीन लाख चाळीस, ठरले दोन लाख पंच्याण्णव. कण्याच्या कामाचे वजा केले आणि सगळ्या वहीचे मी फोटो काढून घेतले. नोंदणी आमच्या नावावर करायला मत्स्यव्यवसाय खात्याच्या चकरा झाल्या, तो वेळ हाताशी धरूनच चालावं. नाव बदलल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत एवढंच त्याबद्दल सांगेन.

जूनभर होडी शेडमध्ये कोरडी होऊ दिली. मागच्या फळीजवळ खाली भोक पाडलं तेव्हा फोममधून तीन दिवस पाणी ठिबकत होतं, बादलीत जवळजवळ आठ लिटर जमलं. खडूचा गोल कापून काढला, आतला ओला थर खरवडला, पूर्ण वाळल्यावरच काचेच्या तंतूंच्या नवीन मॅटचे थर चढवले आणि कण्यावर जाड पट्टी दिली. ओल्यावर रेझिन मारलं असतं तर पाणी आतच कोंडलं असतं. मशीनचा थर्मोस्टॅट काढताना चारपैकी दोन बोल्ट मोडले. एवढं धुऊनही मिठाने ते धरले होते. ड्रिल करून काढावे लागले, एक दिवस गेला. इम्पेलर, झिंक, गिअर ऑइल आणि प्लग एकदमच बदलले, म्हणजे इथून पुढचा हिशोब आपला.

नारळी पौर्णिमेनंतर ती पहिल्यांदा पाण्यात उतरवली तेव्हा ढकलायला सहा माणसं पुरली. मावसभावाने मोजून मला ओरडून सांगितलं.

आता आमच्याकडेही एक वही आहे. रोजच्या पानावर चार रकाने: निघालो किती वाजता, आलो किती वाजता, ऑइल किती, धुतलं की नाही. पहिल्या हंगामात ३४० तास झाले. धुतलं या रकान्यात अकरा दिवस रिकामे आहेत, बहुतेक विहिरीचं पाणी आटलं होतं त्या एप्रिलमधले. ते तसेच रिकामे ठेवलेत, नंतर भरले नाहीत. पुढे कधी ही होडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्याच्या हातात हीच वही द्यायची आहे.